स्तनाची तपासणी: आयुष्य वाढतं, की निदानाची तारीख अलीकडे येते?

रानजाई: मावशीला ५६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग निघाला, तिसऱ्या टप्प्यात. दोन वर्षांपूर्वी वस्तीत शिबिर होतं. त्याची चिठ्ठी अजून फ्रिजवर चुंबकाखाली आहे, कडा तेलकट झाल्यात. त्या दिवशी पापडाचं पीठ भिजवलेलं होतं म्हणून ती गेली नाही. शेजारची गेली, तिची गाठ बोराएवढी असतानाच सापडली. आज ती धडधाकट आहे. तपासणीला जाणाऱ्या बायका निदानानंतर जास्त जगतात, हे मी डोळ्यांनी बघतेय.

पारिजात: मावशींना लवकर आराम पडो. पण 'निदानानंतर किती जगली' हे माप फसवं आहे. एखादी बाई ६५व्या वर्षी जाणारच असेल, तर गाठ ६०ला कळली की पाच वर्षं जगली म्हणायचं आणि ५७ला कळली की आठ. आयुष्य तेवढंच. शिवाय शिबिरात सावकाश वाढणाऱ्या गाठी जास्त सापडतात. झपाट्याने वाढणारी दोन तपासण्यांच्या मधेच डोकं वर काढते. बोलावलेल्या सगळ्याजणी, न आलेल्यासुद्धा, धरून मृत्यू मोजायला हवेत.

सिस्टरताई: तसं मोजलंय, आणि मुंबईतच. टाटा मेमोरियलने १९९८पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे नाही. २०२१चा निकाल: पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या गाठी तपासणी न झालेल्या दुसऱ्या गटात ४७ टक्के, तपासणीच्या गटात ३७.

पारिजात: पन्नाशीच्या आत ठोस फरक दिसला नाही, हेही सांगा. सगळी वयं मिळून घट १५ टक्के, तीही योगायोगाची असू शकेल इतकीच. मग तिशी-पस्तिशीच्या मुलींना कशाला घाबरवायचं?

सिस्टरताई: घाबरवू नका, कबूल. पण शिबिरात बायका मला काय म्हणतात माहितेय? "दुखत नाही, मग काय दाखवायचं?" अहो, सुरुवातीला ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही! आणि गाठ सापडून पुढे सोनोग्राफी, सुईची तपासणी झालीच नाही, तर नुसतं हात लावून काय उपयोग? रोजंदारी बुडते म्हणून तिथेच थांबणाऱ्या कितीतरी बघितल्यात मी.

रानजाई: पारिजात, मोजण्याचा मुद्दा पटला. शेजारणीवरून मी सरसकट बोलायला नको होतं. पण मावशीची जाऊ ५३ची आहे, म्हणजे पन्नाशीपुढचीच. तिला सोमवारी मी स्वतः घेऊन जातेय. पुढच्या तपासण्यांनाही मीच जाईन सोबत.