कमी उंचीवर बेस अँटेना कोणता लावू? मदत हवी आहे

मंडळी, श्रीवर्धनला घरी २ मीटर बँडचा (१४४-१४६ मेगाहर्ट्झ) हॅम (हौशी रेडिओ) सेट बसवतोय. लायसन्स आहे, अडचण उंचीची. २०२० च्या निसर्ग वादळात गावातल्या घरांचे पत्रे उडाले, तेव्हापासून आई उंच खांबाचं नाव काढू देत नाही. म्हणजे कौलांवर जेमतेम पाईप, जमिनीपासून ६ मीटर. एवढ्या उंचीवर रेडिओ क्षितिज (सिग्नल सरळ पोचण्याची हद्द) १० किलोमीटरच्या आसपासच. समुद्राकडे मोकळं, पण मागे डोंगर आणि भोवती माड.

जास्त गेनची (सिग्नल आडव्या दिशेत जास्त एकवटणारी) लांब कोलिनियर (एकावर एक तुकडे जोडलेली उभी अँटेना) घेऊ की साधी जे-पोल (इंग्रजी J च्या आकाराची)? गेन वाढला की बीम (सिग्नलचा झोत) चपटा होतो, मग मागच्या डोंगरावरून बोलणाऱ्यांना नीट पकडेल का? माझा कल जे-पोलकडे आहे, वाऱ्याला कमी अडते.

केबल १२ मीटर लागेल. आरजी-५८ या बारीक केबलमध्ये एक तृतीयांशाहून जास्त पॉवर वाटेतच जाते, म्हणून जाड आरजी-२१३ घेणार. खाऱ्या हवेने कनेक्टर हिरवे पडतात, त्यावर नुसती काळी टेप पुरत नाही. किनाऱ्यावर राहणारे तुम्ही काय गुंडाळता? आणि फायबरग्लासची अँटेना उन्हापावसात किती टिकते?

मृगाच्या आधी चढवायची आहे, जरा लवकर सांगा.