गुऱ्हाळावर शाळेची सहल : आखणी कशी करावी?

प्रश्न : जानेवारीत करवीर तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावर सातवीची 40 मुलं येणार आहेत. काय दाखवावं, किती वेळ धरावा?

उसकरी : एका आधणाला, म्हणजे एका वेळी उकळायला घेतलेल्या रसाचा गूळ व्हायला, अडीच-तीन तास लागतात, मुलं तेवढी थांबत नाहीत. रस तापायला लागल्यावरच बोलवा. ठेचलेल्या रानभेंडीचं चिकट पाणी घातलं की ते गाळ धरतं आणि मळी (घाणीचा फेस) वर येते, तिथून सुरुवात करा. पाक 118 अंशांच्या आसपास आला की काहील (रस उकळायची मोठी कढई) वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात, ओततात. त्याआधी गुळव्या (गूळ करणारा कारागीर) पाण्यात पाक टाकून त्याची गोळी वळते का बघतो. खरी गंमत तीच, थर्मामीटर लावून ताडून दाखवा.

चुलवाण : काहिलीभोवती 10 फुटांवर दोरी बांधाच. पाक कातडीला चिकटतो, पाण्यासारखा ओघळत नाही, म्हणून खोल भाजतं. घाण्याजवळ ओढणी, सैल बाही नको. वीस-वीसचे गट करा, एक फडात (ऊसतोड चालू असलेल्या शेतात), एक काहिलीपाशी.

प्रश्नकर्ता : चाखायला काकवी (पातळ गूळ) द्यावी का?

उसकरी : आदल्या दिवशीची, गार झालेली. उसाचा रस मात्र घाण्यातून काढला की लगेच द्या, ठेवला की काळा पडतो आणि आंबतो.