विंडोज १० थांबली, अभ्यासिकेतले सहा पीसी भंगारात काढायचे का?

सेक्टर_पाच_सचिव
नमस्कार मंडळी. घणसोलीत आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत सहा डेस्कटॉप आहेत, सगळे एकसारखे: आय३-४१६०, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क. सकाळी एमपीएससीची मुलं पीडीएफ वाचतात, मराठी टायपिंग करतात. संध्याकाळी शाळकरी पोरं व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम खेळतात. एका पीसीवर सोसायटीचं टॅली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हापासून दुरुस्तीवाला सहाही बदला म्हणतोय. कमिटीत कुणी म्हणतं रूफसने (अटी वगळून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवणारं साधन) विंडोज ११ टाका, कुणी म्हणतं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली). गेम ठेवायचे की काढायचे यावर तर सरळ दोन तट पडलेत. काय करावं?

ऐरोली_टक्स
एकही बदलू नका. आय३-४१६० इंटेलच्या चौथ्या पिढीचा. विंडोज ११ला अधिकृतपणे आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागतं, म्हणून तुमचे पीसी यादीबाहेर गेले. प्रोसेसर थकला म्हणून नव्हे. तुमचा खरा अडसर फिरती हार्डडिस्क आहे.

प्रत्येक पीसीला २४० किंवा २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या. तुमच्या एच८१ बोर्डावर एम.२ एसएसडीचा (कांडीसारखी, थेट बोर्डात बसणारी) खाचा नसतो, त्यामुळे एम.२ स्वस्त दिसली तरी घेऊ नका. केबल ६ जीबीपीएसच्या पोर्टला लावा. या चिपसेटवर तसे दोनच पोर्ट असतात, बाकीचे निम्म्या वेगाचे. रॅमचे खाचेही दोनच. दुसऱ्यात ४ जीबी डीडीआर३ १६०० टाकली की ८ जीबी झाली. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन घेताना एवढं बघा, की ‘फक्त एएमडीसाठी’ असलेल्या स्वस्त डीडीआर३ कांड्या इंटेल बोर्डावर चालत नाहीत. कॅबिनेट उघडलंच आहे तर सीआर२०३२ सेलही बदला. तो उतरला की तारीख मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला ‘असुरक्षित’ म्हणतो. खाडीकाठच्या दमट हवेत रॅमचे पिवळे संपर्क काळवंडतात, ते खोडरबराने पुसून परत बसवा. पावसाळ्यानंतर ‘पीसी चालूच होत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यानेच मिटते.

मग पाच पीसींवर लिनक्स मिंट २२, एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. २०२९पर्यंत अपडेट मिळतील. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ फाइल चढवा, आधी ‘लाइव्ह’ (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच) चालवून वायफाय, आवाज, रिझोल्यूशन तपासा, मगच इन्स्टॉल करा. लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन सुरू करा. मूल लॉगआउट झालं की त्याचे पासवर्ड, डाउनलोड सगळं पुसलं जातं. सार्वजनिक पीसीवर याहून मोठी सोय नाही.

टॅलीचा सहावा पीसी विंडोज १०वरच राहू द्या. २२एच२ आवृत्ती असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून वाढीव सुरक्षा अपडेटला नोंदणी करा, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत निभावेल. लोकल अकाउंटवर ही नोंदणी होत नाही. त्या पीसीवर ईमेल आणि पेनड्राइव्ह दोन्ही बंद.

कोपरी_गेमर
रूफसचा मार्ग मुलांसाठी असेल तर सोडा. टीपीएमची अट वगळून विंडोज ११ चढते, पण त्यावर व्हॅलोरंट उघडलं की व्हॅन ९००१ एरर येतो, कारण ११वर या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) दोन्ही हवेत. शिवाय दरवर्षीचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, हाताने घालावं लागतं.

लिनक्सवर व्हॅलोरंट नाहीच. त्याचं व्हॅनगार्ड हे चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसतं, पीसी सुरू होताच जागं होतं. घरच्या पीसीवर ज्याने त्याने ठरवावं; पण जिथे दहा घरांची मुलं लॉगिन करतात तिथे एका खेळासाठी एवढा खोल अधिकार देणं मला पटत नाही.

गेम मात्र काढू नका. अभ्यासिकेत खेळायला मिळालं नाही तर पोरं जिन्यात मोबाइल घेऊन बसतील, तिथे कुणाचंच लक्ष नसतं. सुपरटक्सकार्ट (गाड्यांची शर्यत) आणि लुआंटी (ठोकळे रचायचा खेळ) हे या मशीनवर चालतात, फुकट आहेत, जाहिराती नाहीत. स्टीम या गेमच्या दुकानातल्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारी सोय) फार भिस्त ठेवू नका. त्यातल्या डीएक्सव्हीके या भागाला व्हल्कन १.३ हे ग्राफिक्सचं मानक लागतं आणि तुमच्या आय३मधलं एचडी ४४०० ग्राफिक्स तिथवर पोचत नाही. फारच वाटलं तर एका पीसीला जुनं आरएक्स ५५० कार्ड लावा. त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही आणि ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. कॅबिनेट सडपातळ असेल तर लो-प्रोफाइल कार्ड मागा. वेळेसाठी मुलांचं वेगळं खातं काढून त्यावर टाइमकेपीआर नेक्स्ट (वापराची वेळ बांधून देणारं सॉफ्टवेअर) लावा, गेस्टवर नको. संध्याकाळी ६ ते ८ एवढीच मुभा ठेवली की वॉचमनला ओरडावं लागत नाही.

सेक्टर_पाच_सचिव
छान माहिती. दोन शंका: कॅननचा एलबीपी२९०० प्रिंटर आहे, आणि जुनी इतिवृत्तं श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमध्ये आहेत.

ऐरोली_टक्स
तो प्रिंटर लिनक्सवर बसवण्यात वेळ घालवू नका. त्याचा कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर चालला तरी रीस्टार्टनंतर अडतो. टॅलीच्या पीसीलाच जोडलेला राहू द्या. मुलांनी पीडीएफ नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकायची.

श्रीलिपीचं काम मात्र आधी. जुन्या फाइलींत देवनागरी अक्षरं नसतातच, इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट नसेल तिथे नुसती गिचमिड दिसेल. म्हणून डिस्क पुसण्याआधी विंडोजवरच सगळ्यांच्या पीडीएफ काढा, लागतील तेवढ्याच युनिकोडमध्ये (कुठल्याही पीसीवर मराठीच दिसेल अशा कोडमध्ये) बदला. मिंटवर कीबोर्ड लेआउटमध्ये मराठीचं एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट (देवनागरी टायपिंगची कळरचना) आयतं मिळतं. टायपिंगच्या सरकारी परीक्षेला बसणाऱ्यांनी परीक्षेत जो लेआउट असेल त्यावरच सराव करावा, त्यांच्यासाठी टॅलीच्या पीसीवर सकाळचा एक तास राखून ठेवा.

काढलेल्या हार्डडिस्क रद्दीवाल्याला देऊ नका. त्यांत सभासदांचे आधार, पॅन असणार. आधी पूर्ण पुसा, मग नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या आणि पावती दफ्तरी लावा.