मदत हवी आहे: अँटी-डी दिल्यानंतर आयसीटी पॉझिटिव्ह आली तर पत्रकात काय लिहावं?

पत्रकवाली, नाशिक
सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या आशाताईंसाठी आरएच निगेटिव्ह गरोदर बाईवर चार पानी पत्रक करते आहे (बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल तर त्याच्या रक्तपेशींविरुद्ध तिच्या शरीरानं अँटीबॉडी करू नयेत म्हणून तिला अँटी-डी इंजेक्शन देतात). त्यासाठी सिरिल क्लार्क आणि रॉनल्ड फिन यांचं लिव्हरपूलचं काम (१९६१) आणि जॉन बोमन यांचं कॅनडातलं काम वाचलं. तीन ठिकाणी गाडी अडलीय.

१) २८व्या आठवड्यात ३०० मायक्रोग्रॅम अँटी-डी दिलं. ३४व्या आठवड्यात आयसीटी (आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का ते बघणारी चाचणी) 'पॉझिटिव्ह, टायटर १:२' (टायटर म्हणजे अँटीबॉडी किती त्याचं माप; दुसरा आकडा मोठा तितक्या जास्त). शरीरानं स्वतः अँटीबॉडी केल्या असं समजायचं का?
२) क्लार्क यांच्या सुरुवातीच्या प्रयोगात अँटी-डी देऊनही काम बिघडलं होतं. मग पुढे तेच कसं चाललं?
३) बाळंतपणानंतर अँटी-डी द्यायचे ७२ तास हुकले तर?

रक्तपेढी_टेबल
ताई, पहिला मुद्दा पत्रकात ठळक अक्षरात टाका, कारण घोटाळा नेमका इथेच होतो.

तुम्ही टोचलेलं अँटी-डीच त्या नळीत दिसतंय. त्याचं अर्धायुष्य तीन आठवड्यांहून थोडं जास्त. म्हणजे ३०० मधलं बाळंतपणापर्यंत, १२ आठवड्यांनी, जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पण आयसीटी इतकी संवेदनशील की तेवढंही पकडते. टोचलेल्याचं टायटर सहसा १:४ च्या वर जात नाही आणि दर खेपेला उतरत जातं. चढत गेलं किंवा १:१६ ला टेकलं तर मात्र ते बाईचं स्वतःचं धरा आणि डॉप्लरसाठी नाशिकला पाठवा. तिथे बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. त्या आठवड्याच्या मध्यकाच्या दीडपट झाला की बाळाला रक्तक्षय असल्याचा दाट संशय.

लॅबला इंजेक्शनची तारीखच माहीत नसते. ती नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिते, प्रसूतीच्या वेळी कुणीतरी तो कागद बघून 'आता देऊन उपयोग नाही' म्हणतं, आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असूनही डोस राहून जातो. उपाय साधा: चाचणीच्या चिठ्ठीवर अँटी-डीची तारीख आणि मात्रा लिहा. २८व्या आठवड्यात क्रमही पाळा, आधी रक्ताची नळी, मग सुई. उलटं झालं की मूळ स्थिती काय होती ते कायमचं झाकलं जातं.

जाता जाता: याच कारणानं बाळाची डीसीटीही (पेशींना चिकटलेल्या अँटीबॉडीची चाचणी) पुसट पॉझिटिव्ह येते. तेवढ्यावरून आईचा डोस अडवू नये.

इम्युनो_वाचक
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अँटीबॉडीच्या जातीत आहे. सुरुवातीला वापरलेलं अँटी-डी आयजीएम जातीचं होतं. त्यानं बचाव झाला नाही, उलट प्रतिसाद वाढला. आयजीजी जातीचं वापरल्यावर आरएच पॉझिटिव्ह पेशी प्लीहेत झटपट गोळा होऊन नाहीशा झाल्या. कल्पनेचं मूळ त्याहून जुनं: आईबाळाचा एबीओ गट जुळत नसेल तर बाळाच्या पेशी आईच्या रक्तात टिकतच नाहीत. डोस न मिळालेल्या बाईत गट जुळत असेल तर अँटीबॉडी तयार होण्याचा धोका सुमारे १६ टक्के, न जुळल्यास दोनच्या आसपास. फिन यांनी निसर्गाची ही युक्ती बाटलीत भरायची ठरवली. (क्लार्क मुळात फुलपाखरांच्या आनुवंशिकतेत रमलेले. आशाताईंना हे नको, पण मला राहवेना.)

७२ तास हा आकडा शरीरानं आखलेला नाही, चाचण्यांच्या वेळापत्रकातून आलेला आहे. न्यूयॉर्कच्या संशोधकांच्या गटाचे प्रयोग सिंग सिंग तुरुंगातल्या स्वयंसेवकांवर झाले होते, आणि तिथे ठरावीक दिवशीच जाता येई. हुकलं तरी द्या: दहा दिवसांपर्यंत बराच फायदा मिळू शकतो, अमेरिकन सल्ला तर २८ दिवसांपर्यंत द्यायला सांगतो. पण पत्रकात '७२ तासांच्या आत' हेच लिहा, नाहीतर लोक आरामात येतील.

पत्रकवाली, नाशिक
मोठा रक्तस्राव होऊन बाळाचं रक्त आईत जास्त गेलं असेल तर अँटी-डीची एक व्हायल (कुपी) पुरते का?

रक्तपेढी_टेबल
३०० मायक्रोग्रॅम म्हणजे बाळाच्या ३० मिलि रक्तापुरतं. जुळी, सिझेरियन, वार हातानं काढावी लागली, पोटाला मार, अशा वेळी क्लायहाउअर चाचणी (आईच्या रक्तात बाळाच्या पेशी किती मिसळल्या ते मोजणारी) करा. आईचं रक्त वार पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं घ्यायचं. आम्लात मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन निघून जातं, बाळाच्या पेशी गुलाबी उरतात. त्यांची टक्केवारी गुणिले ५० म्हणजे मिलि, भागिले ३०, येईल तो आकडा जवळच्या पूर्णांकावर आणून वर एक जादा. १.४ टक्के असेल तर ७० मिलि, २.३, म्हणजे २ अधिक १, तीन व्हायली.

तुमच्या पट्ट्यात एक खाच आहे. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या वाहक बाईचं स्वतःचंच बाळहिमोग्लोबिन वाढलेलं असू शकतं, मग तिच्याच पेशी गुलाबी दिसतात आणि आकडा फुगतो. सिकलसेल कार्डावर नोंद असेल तर तेही चिठ्ठीवर लिहा आणि फ्लो सायटोमेट्री (यंत्रानं पेशी ओळखून मोजणारी चाचणी) मागा.

आणि व्हायल २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही. बर्फाला चिकटली की गेली. आइसपॅक आणि व्हायलमध्ये कापड घाला.