व्हिसाच्या फायलीतला सगळ्यात छळवादी कागद कोणता? (अनुभव धागा)

साळुंकी
काल भाचीचा मेसेज आला, "मावशी, जुनी कंपनी कामाचं स्वरूप लिहून द्यायला तयार नाही, काय करू?" तिचं ऑस्ट्रेलियाचं चाललंय. वाचलं आणि पोटात तोच जुना गोळा आला.

आमच्या वेळीही हेच होतं. आयटीवाल्यांची स्किल्स तिथे एसीएस तपासते, म्हणजे ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटी. "अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होत्या, पुढील वाटचालीस शुभेच्छा" एवढ्याने त्यांचं भागत नाही. लेटरहेड हवं, पद हवं, फुल टाइम की पार्ट टाइम ते हवं, आणि रोज नक्की काय करायचात तेही हवं. एचआर म्हणणार, आमची तशी पॉलिसी नाही. मग वरिष्ठाला धरून प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं.

माझे मॅनेजर तोवर ती कंपनी सोडून गेले होते. कसंबसं गाठून त्यांना नोटरीच्या टेबलापाशी आणलं. नोटरी शिक्का हातात धरून तयार, आणि हे गृहस्थ एकेक ओळ वाचतायत. "टीमचे नेतृत्व" पाशी पेन थांबलं. "तू लीड होतीस?" म्हटलं, "सर, तुम्ही सुट्टीवर असायचात तेव्हा कोण होतं?" हसले नाहीत, पण सही केली.

इंटरव्ह्यू, मेडिकल सगळं सोपं हो. दुसऱ्याच्या सहीचा कागद मिळवणं हेच खरं काम. तुमचा कुठला कागद? देश कुठलाही चालेल, फक्त कामाचा व्हिसा. फिरायच्या व्हिसाचा धागा वेगळा काढा.

धूमकेतू
क्लायंट लेटर.
बास. आणखी काही लिहायला हवं का?

नाईटशिफ्ट
धूमकेतू, +१००. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नोकरी एका कंपनीची, बसायचं दुसरीच्या ऑफिसात. एच-वन-बीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कामाच्या व्हिसाच्या इंटरव्ह्यूला त्या दुसरीच्या लेटरहेडवर हवं असतं की हा माणूस आमच्याकडे खरंच हे काम करणार आहे. आणि त्यांचं लीगल म्हणतं की आम्ही असलं काही कुणालाच देत नाही.
वकिलातीच्या खिडकीतल्या बाई गोड हसल्या आणि २२१(जी)ची चिठ्ठी सरकवली. कायद्याच्या भाषेत तो नकारच, पण "कागद आणा, मग बघू" छापाचा. त्यानंतर स्टेटसचं पान रिफ्रेश करणे हा माझा पूर्णवेळ व्यवसाय झाला. शेवटी क्लायंटकडच्या एका मॅनेजरने लीगलला न विचारता साधा ईमेल लिहून दिला आणि तो चालला! त्या माणसाला मी आजही दर दिवाळीला मेसेज करतो.

कागदी_घोडा
माझं दुखणं वेगळंच. बी.एस्सी. तीन वर्षांचं. एच-वन-बीला अमेरिकेतल्या चार वर्षांच्या डिग्रीच्या तोडीचं शिक्षण लागतं. कमी पडलेल्या प्रत्येक वर्षापोटी तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरतात. म्हणजे तीन वर्षं राबल्याचे पुरावे आणा, मग मूल्यमापन करणारे लिहून देणार की हा गडी इंजिनीअरच्या बरोबरीचा. ज्या कंपनीत ती तीन वर्षं काढली ती बंद पडलेली. पत्र कोण देणार? वॉचमन?
मालकांचा नंबर शोधला. ते दुसऱ्याच धंद्यात गेले होते, पण जुनं लेटरहेड जपून ठेवलं होतं. देवमाणूस.

साळुंकी
कागदी_घोडा, वॉचमन वाचून ऑफिसात मोठ्याने हसले.

अक्कूची_आई
घाईत लिहितेय. डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, जुन्या कंपनीच्या पत्रावर दोन्हींची सरमिसळ. जर्मनीच्या फॉर्ममध्ये "पूर्वीचे नाव" असा रकाना आहे तो बघून जीव भांड्यात पडला, तर पुढे अनाबिन, परदेशी डिग्र्यांचा जर्मन डेटाबेस! त्या डेटाबेसमध्ये आपली युनिव्हर्सिटी "एच प्लस" म्हणजे मान्यताप्राप्त दिसली म्हणून नाचू नका, आपली डिग्रीही वेगळी शोधावी लागते. माझी नव्हती. मग झेडएबीकडून, म्हणजे परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या जर्मन ऑफिसकडून, डिग्रीचं मूल्यमापन करून घ्यायचं, माझ्या वेळी २०० युरो. तोपर्यंत कंपनी दर आठवड्याला विचारतेय, एनी अपडेट?
बाकी नंतर लिहिते, क्लासला सोडायचंय.

पाणकावळा
ब्लू कार्डला (जर्मनीचा डिग्रीवाल्यांचा कामाचा परवाना) पगार किती लागतो सध्या?

अक्कूची_आई
२०२५ ला ४८,३०० युरो वर्षाला होता. टंचाईचे पेशे आणि नुकतेच पास झालेले यांना कमी, ४३,७५९.८०. दरवर्षी बदलतो, अर्ज करताना चालू वर्षाचा बघा. पगार बॉर्डरवर असेल तर डिसेंबरात रेंगाळू नका.

पाणकावळा
ते ८० सेंट कुणी शोधून काढले असतील 😄

रिकामटेकडा
जपान. कंपनीने तिकडच्या इमिग्रेशन ऑफिसातून सीओई, म्हणजे पात्रतेचा दाखला काढला, मला पाठवला, मी पासपोर्टबरोबर दिला, व्हिसा आला. छळ असा काही झालाच नाही. सीओई तीन महिनेच चालतो, तेवढ्यात तिकडे पोचायचं, एवढाच काय तो ताण.

धूमकेतू
रिकामटेकडा यांना सर्वानुमते या धाग्यातून हाकलण्यात येत आहे.

नाईटशिफ्ट
अनुमोदन.

सिस्टर_इंचार्ज
ड्युटीवरून लिहितेय. मी नर्स, यूकेला गेले. इंग्लिशची परीक्षा, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग तिकडे गेल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, या सगळ्याची तयारी करता येते. पण आपल्या नर्सिंग कौन्सिलने "ही बाई आमच्याकडे रजिस्टर आहे, हिच्यावर काही कारवाई नाही" हे थेट तिकडच्या एनएमसीला, म्हणजे तिथल्या नर्सिंग कौन्सिलला कळवावं लागतं. आपल्या हातात देत नाहीत. म्हणजे आपण फक्त विचारत राहायचं. कौन्सिलचं नाव लिहीत नाही. तिथे ज्या टेबलावर माझी फाइल होती त्या टेबलाचा माणूस कायम "आत्ताच बाहेर गेलेत". खुर्चीवर स्वेटर मात्र दर वेळी तोच. शेवटी मी स्वेटरशीच बोलायच्या बेतात होते.

आणि एक महत्त्वाचं, मुलींना सांगा. एका एजंटने प्रोसेसिंगचे म्हणून भरमसाट पैसे मागितले होते. यूके सरकारची आचारसंहिता आहे, नर्सकडून भरतीची फी घ्यायची नाही. तसं लिहून पाठवल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. हेल्थ अँड केअर व्हिसावर वर्षाला १,०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्जही लागत नाही. तो घालून कुणी हिशेब दिला तर समजून जा.

मनमौजी
सिस्टर, हे वेगळ्या धाग्यात टाका प्लीज, इथे वाहून जाईल. बहिणीला आत्ताच पाठवलं.

चष्मीश
कागद नाही पण फोटो चालेल का? अमेरिकेला २ इंच बाय २ इंच, जर्मनीला ३५ बाय ४५ मिलिमीटर. फोटोवाला म्हणतो सगळं सारखंच असतं साहेब. नसतं! आणि अमेरिकेला नोव्हेंबर २०१६ पासून चष्म्यासकट फोटो चालत नाही. चष्मा काढल्यावर मला कॅमेरा कुठे आहे तेच दिसत नाही. त्या व्हिसावर मी भिंतीकडे बघणारा संशयित आहे.

धूमकेतू
फोटो टाका.

चष्मीश
नाही.

वाटसरू
सगळे हसतायत म्हणून लिहू की नको असं झालं होतं. माझे सगळे कागद वेळेत आले. नोटीस पिरियड तीन महिन्यांचा, त्यामुळे जॉइनिंगची तारीख धरून राजीनामा दिला होता. व्हिसाचा शिक्का बसला आणि त्याच आठवड्यात तिकडच्या कंपनीने भरती थांबवली. तो व्हिसा त्याच नोकरीचा होता. पासपोर्टमध्ये अजून आहे, वापरलेला नाही.
जुन्या कंपनीने परत घेतलं, पण खालच्या पदावर. त्याला झाली काही वर्षं.

साळुंकी
वाटसरू, बरं झालं लिहिलंत. काय बोलावं कळत नाही हो. पुन्हा प्रयत्न केलात का?

वाटसरू
नाही. बायको म्हणते कर. बघू.

सिस्टर_इंचार्ज
करा. अनुभवाचं पत्र आताच घेऊन ठेवा, त्या लोकांचा मूड चांगला आहे तोवर.

पुनवेचा_चांद
सप्टेंबर २०२५ चा तो शनिवार कुणी अनुभवला का? एच-वन-बीवर १,००,००० डॉलर फीची घोषणा शुक्रवारी झाली, रविवारपासून लागू. मी सुट्टीवर आलेलो. कंपनीच्या वकिलाचा मेल, "ताबडतोब परत या." बॅग भरत असताना दुसरा मेल आला, आधीच्या व्हिसावाल्यांना लागू नाही, थांबा. आई म्हणाली, एकदा काय ते ठरवा.

नाईटशिफ्ट
आमच्या टीममधला एकजण तर विमानातून उतरून आला होता. तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.
पण एच-वन-बीच्या लॉटरीपुढे बाकी सगळं फिकं. वर्षाला ६५,००० अधिक तिकडून मास्टर्स केलेल्यांच्या २०,००० जागा, आणि नाव लागलं नाही तर तुमची अख्खी फाइल रद्दी. २०२० च्या आधी तर वकील प्रत्येकाची पूर्ण फाइल तयार करून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कुरियरने खोकीच्या खोकी पाठवायचे आणि नंतर लॉटरी व्हायची. आता आधी नोंदणी, नाव लागलं तरच फाइल. हे एक बरं केलं.

कागदी_घोडा
माझं खोकं परत आलं होतं. न उघडता. वर माझं नाव, सुंदर अक्षरात.

अक्कूची_आई
आले. क्लास कॅन्सल होता, कुणी कळवलंच नाही 🙄
तर झेडएबीचं मूल्यमापन आलं, व्हिसाही मिळाला. आता नवऱ्याचा व्हिसा. लग्नाच्या दाखल्यावर त्यांचं नाव "राव" लावून, पासपोर्टवर बिनरावाचं. हसू नका.

धूमकेतू
हसत नाहीये. माझ्या वडिलांच्या नावाची चार स्पेलिंग आहेत, पाचवं त्या ऑनलाइन फॉर्मने स्वतःहून केलं.

पाणकावळा
अक्कूची_आई, झेडएबीला डिग्रीची स्कॅन रंगीत लागते का? आणि फाइल मोठी झाली तर अपलोड होत नाहीये, काय करू?

अक्कूची_आई
रंगीत, मूळ प्रतीवरूनच करा, झेरॉक्सवरून नको. साइज कमी करून बघा, तरी नाही झालं तर फाइलच्या नावातला कंस काढा. मला व्यनि (खाजगी मेसेज) करा, स्क्रीनशॉट पाठवते.