गेमची किंमत तासांवर मोजायची का?

अर्धविराम

नवा गेम आला की पहिला प्रश्न ठरलेला: किती तासांचा आहे? मग किंमत भागिले तास. उत्तर तासाला एक डॉलरच्या आत आलं की पैसे वसूल, बाहेर गेलं की लूट. हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो. का ते मांडतो, खोडून काढा.

भागाकारात खाली लिहिलेला आकडा कुणाचा असतो? ७० डॉलरचा, १०० तासांचा गेम धरा. तासाला ७० सेंट. दुसरा १५ डॉलरचा, १० तासांचा, म्हणजे तासाला दीड डॉलर. कागदावर पहिला निम्म्याहून स्वस्त. पण तो २० तासांवर सुटला तर तासाला साडेतीन डॉलर पडले. आणि लांबलचक गेम मधेच सुटणं हे अपवादाने होत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात त्या गेमच्या ग्लोबल अचीव्हमेंट्स (कुठला टप्पा किती टक्के खेळाडूंनी गाठला त्याची यादी) उघडा आणि कथेच्या शेवटच्या अचीव्हमेंटसमोरचा टक्का बघा. मोठ्या ओपन वर्ल्ड (मोकळ्या नकाशावर हवं तिथे फिरता येणाऱ्या) गेममध्ये तो बहुतेकदा निम्म्याच्या बराच खाली असतो. प्लेस्टेशनच्या ट्रॉफींसमोरही हे टक्के दिसतात.

दुसरं म्हणजे तास फुगवता येतात. जानेवारी २०२२मध्ये टेकलँड कंपनीने 'डाइंग लाइट २' पूर्ण करायला ५०० तास लागतील असं मोठ्या अभिमानाने जाहीर केलं. लोक खूश होण्याऐवजी भडकले. मग खुलासा आला की मुख्य कथा २० तासांच्या आसपास, साइड क्वेस्ट म्हणजे कथेबाहेरची कामं धरून ८०, आणि ५०० म्हणजे नकाशावरचं झाडून सगळं. एकाच गेमचे तीन आकडे, सर्वात मोठा आणि सर्वात छोटा यांत पंचवीस पटींचा फरक. भागायचं कशाने?

आता 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) बघा. २२ मिनिटांची एक फेरी, मग सूर्य फुटतो आणि पुन्हा सुरुवात. यानाची नोंदवही तेवढी टिकते. लेव्हल नाही, अपग्रेड नाही, नवं हत्यार नाही. कुठे जायचं आणि काय करायचं हे माहीत असलेला माणूस एकाच फेरीत शेवट गाठतो. तरी पहिल्यांदा खेळणाऱ्याला १५ ते २० तास लागतात, कारण ते सगळे तास समजून घेण्यात जातात. एकदा समजलं की गेम पुन्हा तसा खेळता येत नाही. तासाच्या भावाने हा गेम महाग ठरत असेल तर मापातच खोट आहे.

---

हिशेबनीस

पूर्ण असहमत. ज्याच्या लायब्ररीत शंभर न उघडलेले गेम पडून आहेत त्याला तुमचं म्हणणं पटेल. वर्षाला दोनच गेम घेणारा माणूस तास विचारणारच, आणि त्यात त्याची रसिकता कमी पडते असं म्हणणं अन्यायाचं आहे. 'पोर्टल' तीन तासांत संपतो. अप्रतिम आहे, वादच नाही. पण पुढचे सहा महिने त्याने काय करायचं? शिवाय 'पोर्टल' २००७मध्ये आला तोच 'ऑरेंज बॉक्स' या गेमच्या संचातून, 'हाफ-लाइफ २', त्याचे दोन्ही एपिसोड आणि 'टीम फोर्ट्रेस २' यांच्या सोबत. तीन तासांच्या गेमसाठी एकट्याने पूर्ण किंमत मागितली असती तर आज त्याचं इतकं कौतुक झालं असतं का, याचा विचार करा.

उलट बाजूचं उदाहरण 'द ऑर्डर: १८८६' (२०१५). किंमत ६० डॉलर, संपायला सहा-सात तास, त्यातला मोठा भाग नुसता बघण्याचा. मल्टिप्लेअर नाही. ग्राहकांनी 'किती तास?' विचारलं म्हणूनच ते उघडं पडलं. तास हा ग्राहकाच्या हातातला एकमेव आकडा आहे जो खरेदीआधी कळतो. कथा कशी, नियंत्रण कसं, हे सगळं दुसऱ्याच्या मतावर अवलंबून.

---

अर्धविराम

'द ऑर्डर'चा दोष तासांवर ढकलू नका. त्यात लायकनशी (लांडग्यासारख्या राक्षसाशी) चाकूने होणारी मोठी झुंज शेवटी जवळपास तशीच पुन्हा दिली आहे, बटणं दाबण्याच्या त्याच साच्यात. बाकी वेळ आडोशाला बसून गोळीबार. तेच १५ तास ताणलं असतं तर तासाचा भाव निम्म्याने उतरला असता आणि गेम आणखी कंटाळवाणा झाला असता.

वर्षाला दोन गेमचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पण मग विचारायचं ते 'किती दिवस पुरेल?' असं. आठवड्याला सहा तास मिळणाऱ्याला ५० तासांचा गेम दोन महिने जातो. तासाचा भाव यातलं काही सांगत नाही.

---

सेव्हपॉइंट

दोघांच्याही आधी एक गोष्ट नीट व्हायला हवी: आकडा घेताना होणाऱ्या चुका. भागाकार बरोबर की चूक हे नंतर.

हाऊ लाँग टू बीट या साइटवर तीन आकडे ठळक दिसतात: मेन स्टोरी (नुसती कथा), मेन प्लस एक्स्ट्राज (बाजूची कामं धरून) आणि कम्प्लीशनिस्ट (झाडून सगळं). बरेच लोक मधला किंवा शेवटचा उचलतात कारण तो मोठा दिसतो. घ्यायचा तो पहिला, आणि साइड क्वेस्ट करायची सवय असेल तरच दुसरा. खालच्या तक्त्यात सरासरी आणि मीडियन वेगळे दिलेले असतात, त्यातला मीडियन (सगळ्या नोंदी क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या. सरासरीला पाच-सहा अतिउत्साही नोंदी वर ओढतात. त्याच तक्त्यात घाईने खेळणाऱ्यांचा आणि निवांत खेळणाऱ्यांचा आकडा असतो. प्रत्येक संवाद ऐकणाऱ्याने निवांतचा बघावा. किती जणांनी नोंद केली तेही बघा. गेम येऊन आठवडाच झाला असेल तर नोंदी मोजक्या असतात आणि त्या सुसाट खेळणाऱ्यांच्या असतात, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

स्टीमवरच्या रिव्ह्यूतले तास आणखी फसवे. स्टीम फक्त प्रोग्रॅम चालू आहे का ते बघतं. पॉज करून जेवायला गेलात, रात्रभर मेनू उघडा राहिला, लाँचरमध्ये (गेम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अपडेट उतरत राहिलं, सगळं मोजलं जातं. रिव्ह्यूवर दोन आकडे असतात, एकूण तास आणि रिव्ह्यू लिहिताना झालेले तास. मत कशावर बनलं ते दुसऱ्यावरून कळतं.

आणि काही गेमना हा आकडा लागूच होत नाही. 'निअर: ऑटोमाटा'चा पहिला शेवट दहा-बारा तासांत येतो, श्रेयनामावली धावते, आणि तिथे थांबणारा गेमचा सर्वात मोठा भाग हुकवतो. तो पुढच्या खेळीत, नव्या शेवटांकडे जाताना उघडतो. 'बलाट्रो'सारख्या पत्त्यांच्या रोगलाइकला (प्रत्येक डाव नव्याने सुरू होणाऱ्या गेमला) तर 'संपणे' हा शब्दच बसत नाही. तिथे एका डावाला किती वेळ लागतो आणि विसाव्या डावालाही काही नवं घडतं का, हे बघा.

---

तळघर

तास कसे फुगवतात ते जवळून बघू, म्हणजे कुठले वजा करायचे ते कळेल.

'असॅसिन्स क्रीड ओडिसी' (२०१८). मुख्य मोहिमेसमोर एक लेव्हल लिहिलेली असते. तुमची लेव्हल तीन-चारने कमी असेल तर शत्रूवर घाव घालून घालून हात दुखतात, आणि त्याचे दोन फटके तुम्हाला पुरतात. म्हणजे कथा पुढे न्यायची तर आधी आजूबाजूच्या छावण्या रिकाम्या करा, फलकावरची कामं उचला, लेव्हल वाढवा. आणि त्याच वेळी दुकानात अनुभवगुण कायमचे दीडपट करणारा बूस्टर पैशाने विकायला ठेवलेला. हे बारकाईने बघा. हेच तास जाहिरातीत 'भरगच्च गेम' म्हणून मोजले गेले आणि हेच तास वाचवायला पुन्हा पैसे मागितले गेले.

'शॅडो ऑफ वॉर' (२०१७) मध्ये कथेच्या अखेरीस किल्ले राखण्याच्या लढाया एकामागून एक लावलेल्या होत्या, आणि सोबत ऑर्क सैनिकांच्या लूट बॉक्सचा (आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्यांचा) बाजार. जुलै २०१८मध्ये कंपनीने तो बाजार बंद केला आणि शेवटचा टप्पाही आटोपशीर केला. तास कमी झाले. गेम सुधारला. हिशेबनीस, तुमच्या सूत्राने तो त्या दिवशी महाग झाला.

खरेदीआधी ओळखायचं कसं? कुणाचा तरी न कापलेला व्हिडिओ शोधा, मधला, साधारण ४० टक्क्यांच्या सुमाराचा. सुरुवातीचा नको, तो सगळ्यांचा देखणा असतो. अर्धा तास बघा आणि मोजा: या अर्ध्या तासात आधी न आलेलं काय आलं? नवा शत्रू, नवी चाल, नवी जागा, कथेचं वळण. काहीच नाही आणि घोड्यावरून नुसती दौड चालली असेल तर तेवढे तास वजा. (दौडच आवडते असेही लोक आहेत. त्यांनी वजा करू नयेत, 'रेड डेड रिडेम्प्शन २' त्यांच्यासाठीच आहे.)

---

हिशेबनीस

तळघर, मुद्दा मान्य, पण तो फुगवलेल्या तासांविरुद्ध आहे. तासांविरुद्ध नाही. बनावट वजनं सापडली म्हणून तराजू फेकत नाहीत.

'फॅक्टोरिओ' हा कारखाना उभारायचा गेम घ्या. २०१८मध्ये २० डॉलरवरून ३०, जानेवारी २०२३मध्ये ३५. सेल कधीच लागत नाही, बनवणाऱ्यांचं ते जाहीर धोरण आहे. तरी घेणारे निर्धास्त घेतात, कारण शेकडो तास खेळणारे ढिगाने आहेत आणि त्यातला प्रत्येक तास माणूस स्वतः ओढवून घेतो: पट्ट्यावर लोखंड कमी पडलं, म्हणून नवी खाण, म्हणून नवी आगगाडी, म्हणून जास्त वीज. शिवाय मोफत डेमो आहे. इथे तासाचा भाव हेच सर्वात प्रामाणिक कौतुक आहे.

आणि कंपन्यांनाही तास कळतात. २०२३चा 'असॅसिन्स क्रीड मिराज' मुद्दाम आटोपशीर केला, १५ तासांच्या आसपास, आणि ७० ऐवजी ५० डॉलरला आणला. ग्राहक तास विचारतात म्हणूनच ना?

---

अर्धविराम

मिराजचं उदाहरण चांगलं आहे, लक्षात ठेवतो. पण तुमचा तराजू एका टोकाला नेऊन बघा. फुकट गेमला तासाचा भाव शून्य. म्हणजे बॅटल पासची (ठराविक मुदतीत खेळून बक्षिसं मिळवायच्या योजनेची) मुदत संपायच्या आत रोज हजेरी लावायला लावणारा गेम जगातला सर्वोत्तम सौदा ठरतो. जे माप हे उत्तर देतं त्यावर माझा विश्वास बसत नाही.

---

पायरीपायरीने

वाद छान चाललाय, पण पैसे अडकण्याआधीची सोय कुणी बोललंच नाही. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर रिफंड मिळतो. एपिक या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातही मोजमाप तेच. जीओजी या तिसऱ्या दुकानात ३० दिवस, आणि खेळलेलं असलं तरी.

त्या दोन तासांचा उपयोग करायचा तर:

आधी गेम पूर्ण उतरवून घ्या, ड्रायव्हर अद्ययावत करा, मगच सुरू करा. ग्राफिक्सच्या सेटिंगवर दहा मिनिटांपेक्षा जास्त घालवू नका, तो वेळ मोजला जातो. सुरुवातीचे व्हिडिओ पुढे ढकला, कथा आवडली तर नंतर नव्याने सुरू करता येते. ९० मिनिटांवर थांबा आणि ठरवा. 'अजून थोडं' म्हणत दोन तास उलटले की हक्क गेला.

फसायच्या जागा दोन. पहिली, शेडर, म्हणजे पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम. 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' मार्च २०२३मध्ये पीसीवर आला तेव्हा मेनूतच शेडर बनत बसायचे, आणि कमी ताकदीच्या प्रोसेसरवर त्यातच रिफंडच्या वेळेचा मोठा घास जायचा. असा गेम असेल तर पहिल्या दिवशी घेऊ नका. दुसरी, अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅक्सेस. एप्रिल २०२४पासून अधिकृत तारखेआधी खेळलेले तासही स्टीम या दोन तासांत धरतं.

डिस्कवाल्यांचा हिशेब वेगळाच. ७० ला घेतलेली डिस्क महिन्यात संपवून ४५ ला विकली तर गेम २५ ला पडला. तिथे छोटा गेम फायद्याचा, कारण बाजारभाव उतरायच्या आत विकून मोकळं होता येतं.

---

तळघर

याच रिफंडचा फटका छोट्या गेमना बसतो, ते विसरू नका. २०२१मध्ये 'समर ऑफ '५८' हा दीडेक तासाचा भयपट धाटणीचा गेम आला. लोकांनी पूर्ण खेळला, काहींनी चांगला रिव्ह्यूही दिला, आणि दोन तासांच्या आत संपला म्हणून पैसे परत घेतले. एकट्याने गेम बनवणाऱ्या त्या निर्मात्याने यापुढे काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. नियमात बसतं म्हणून ते योग्य होत नाही. शेवटपर्यंत खेळलात, आवडला, तर पैसे त्याचे आहेत.

---

हिशेबनीस

याला शंभर टक्के सहमत. मात्र दीड तासाच्या गेमच्या पानावर 'अंदाजे ९० मिनिटं' असं निर्मात्यानेच ठळक लिहावं. 'ग्राउंड झीरोज' या छोट्या गेमवरून २०१४मध्ये जो गदारोळ झाला तो याचसाठी. मुख्य मोहीम दीड-दोन तासांत संपते हे विकत घेणाऱ्याला वेळेत कळायला हवं होतं.

---

अर्धविराम

'ग्राउंड झीरोज'मध्येच तर आपला सगळा वाद आहे! एकच लष्करी तळ, एक मुख्य मोहीम आणि त्याच तळावरच्या चार साइड मोहिमा. मुख्य मोहीम रात्री, मुसळधार पावसात. काही साइड मोहिमांत तोच तळ उजेडात, पहारेकरी वेगळ्या जागी, आणि पावसात जिथे बिनधास्त सरपटत गेलात तिथे आता पन्नास पावलांवरून दिसता. एकदाच खेळून बंद करणाऱ्याला तो महागच पडला. तळ पाठ करून एकही गजर न वाजवता बाहेर पडणाऱ्याने त्याच पैशात १५-२० तास काढले. किंमत तीच, गेम तोच. तासांचा आकडा पानावर ठळक लिहायचा म्हणता, तर इथे कोणता लिहायचा?

---

हिशेबनीस

दोन्ही. 'मोहीम एकदा: दोन तास. सर्व मोहिमा एकदा: पाच-सहा तास.' त्यापुढचं ज्याचं त्याच्या चिकाटीवर. हे दोन आकडे दिले असते तर निम्मी भांडणं झालीच नसती.