मदत हवी आहे: १८७०च्या दशकातलं डेक्कन कॉलेज

मंडळी, टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तालीम, कुस्ती, पोहणं यांत घालवलं आणि त्या वर्षी परीक्षेत नापास झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे गणितात पहिला वर्ग, १८७९मध्ये एलएल.बी. मला मात्र बाकीच्या पोरांचं जाणून घ्यायचंय. येरवड्याच्या वसतिगृहात राहणाऱ्यांचा दिवस कसा जायचा? व्यायामाला कॉलेजची फूस होती की ती टिळकांचीच हौस? (आगरकरांसारख्या गरिबाला खुराक कुठून परवडणार म्हणा!)

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत (म्हणजे विद्यापीठाच्या वार्षिक माहितीपुस्तकांत) प्रश्नपत्रिका छापलेल्या असत. १८७२ ते १८७९ची कॅलेंडरं पुण्यात कुठे चाळायला मिळतील? कुणाकडे स्कॅन असल्यास फारच उत्तम.